आवाज गेला की थांबायचं

डोंबिवलीतल्या आपल्या घरात सहदेव बायकोला म्हणतो, "चहा ठेव." आणि गप्प उभा राहतो. संचिता आतून "चहा ठेवते" म्हणाली की मगच तो चपला काढतो. नुसतं "हं" चालत नाही. सुरुवातीला तिला वाटायचं, नवऱ्याला कमी ऐकू येतं. एकदा साइटवर डबा द्यायला आली तेव्हा तिने मला विचारलं, "मॅडम, तुमच्याकडचे सगळेच असे होतात का हो?" मी म्हटलं, सगळे असे झाले असते तर मला रात्री झोप लागली असती.

मी नीरजा. राहते वर्तकनगरला आणि शीळफाट्याजवळ टॉवरचं एक मोठं काम चालू आहे तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर लोकांच्या मागे हेल्मेट घाला म्हणून लागायचं आणि संध्याकाळी बसलेला घसा घेऊन घरी जायचं. पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. सहदेव माझ्याकडे सिग्नलमन आहे. क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर बसलेल्या ऑपरेटरला भिंतीआडचं, कॉलममागचं काही दिसत नाही. खाली उभा असलेला सिग्नलमन त्याला रेडिओवर सांगत राहतो. खाली म्हटलं की हुक खाली, बस म्हटलं की जागच्या जागी. आणि सगळ्यात मोठा नियम असा की सिग्नलमनने बोलत राहायचं. "खाली, खाली, खाली, खाली." तो आवाज मध्येच तुटला, कशानेही तुटला, तर ऑपरेटरने हुक थांबवायचा. कारण विचारायचं नाही. आवाज गेला की थांबायचं.

सहदेवच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. अंगठ्याजवळची दोन नाहीत. त्याची ही गोष्ट आहे, आणि ती गोड नाही. सहदेव माफ करणाऱ्यातला माणूस नाही, मीही नाही, म्हणूनच आमचं पटतं.

तो पहिल्यांदा माझ्या कंटेनरच्या ऑफिसात आला तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी त्याने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. लॅमिनेट केलेला. बाळकुमच्या एका जुन्या साइटवरचा अपघाताचा अहवाल. त्यातली एक ओळ पेनने अधोरेखित केली होती: 'सिग्नलमनने माईकचे बटण न दाबल्यामुळे अपघात घडला. सिग्नलमनचा निष्काळजीपणा.'

"चार साइटवर गेलेलो मॅडम," तो म्हणाला. "चारही ठिकाणी हे आधी पोचलेलं. तुमच्याकडे मीच घेऊन आलो. वाचा. मग मला पंधरा मिनिटं द्या आणि एक माईक द्या."

वायरवाला माईक सळ्यांमध्ये अडकतो, माणसाला ओढतो, म्हणून आम्ही वायरलेस माईक आणले होते. रेडिओ कमरेला, माईक छातीवर, मध्ये वायर नाही. दोन आठवडे ते खोक्यातच पडून होते, कारण कुणाला लावता येत नव्हते. सहदेवने एक माईक उचलला आणि आधी बाजूचा दुसरा रेडिओ बंद करून थेट दाराबाहेर नेऊन ठेवला. मी विचारलं, तो कशाला? म्हणाला, "माईक-रेडिओच्या दोन जोड्या एका वेळी लावायच्या नाहीत. सामुदायिक लग्नात जोडी बदलावी तसं होतं." मग त्याने रेडिओला अँटेना नीट बसली आहे का ते फिरवून पाहिलं, चार्जिंग पूर्ण आहे का ते पाहिलं, बटण दाबून धरलं, लाल-निळा दिवा नुसता निळा होईपर्यंत धरलं. माईक अँटेनापासून वीतभर लांब लावला, नाहीतर शिट्टी वाजते. माईकचं मोठं बटण त्याने डाव्या मुठीने दाबलं. दाबल्यावर लगेच बोलला नाही. मनात एक मोजला. "पहिला शब्द माईक खातो मॅडम. त्याला एक आकडा खायला द्यायचा, मग बोलायचं." मग चालत साइटच्या टोकापर्यंत गेला, जिथे जिथे तो उभा राहणार होता तिथे तिथे थांबून एक ते दहा मोजले, आणि ऑफिसातल्या सेटवर मला प्रत्येक वेळी दहाच्या दहा आकडे परत म्हणायला लावले. मीसुद्धा शाळेतल्या पोरीसारखी म्हटले.

पंधराची पन्नास मिनिटं झाली. मी त्याला त्याच दिवशी घेतलं.

बाळकुमला काय झालं होतं ते त्याने मला नंतर सांगितलं, हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द वापरून. तिथेही असेच नवे माईक आले होते. सहदेवने अर्धा तास मागितला होता. देवेश तिथला साइट इंजिनिअर. तो म्हणाला, "स्लॅब खोळंबलाय, काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. घाल आणि जा वर." दोन सिग्नलमनचे दोन माईक देवेशने स्वतः एकाच टेबलावर, एकाच वेळी रेडिओला जोडले. हॅलो हॅलो केलं, कुठल्यातरी रेडिओतून आवाज आला, झाली तपासणी. सहदेवच्या छातीवरचा माईक जोडला गेला होता दुसऱ्याच्या कमरेवरच्या रेडिओशी. दोघं शेजारी होते तोवर आवाज जात होता. दुसरा जिना चढून पलीकडे गेला आणि सहदेवचा आवाज तुटला.

काँक्रीटची बकेट खाली येत होती. सहदेवचा उजवा हात बकेटच्या कडेला होता, समोर कॉलमच्या सळ्या. तो म्हणाला, "बस." बकेट थांबली नाही. तो पुन्हा म्हणाला, "बस." मग तो बस म्हणून ओरडला, पण तोवर बोटं गेली होती.

आता तुम्ही विचाराल, आवाज तुटला तर ऑपरेटर थांबला का नाही? क्रेनवर विश्राम होता. चांगला ऑपरेटर, सहदेवच्याच तालुक्यातला. हॉस्पिटलात तो सहदेवच्या खाटेपाशी रडला आणि त्याने सांगून टाकलं. सकाळी वर चढायच्या आधी देवेशने त्याला बजावलं होतं, "नवीन माईक आहे, मध्ये मध्ये आवाज जाईल. दर वेळी थांबत बसू नकोस. हळूहळू सोडत राहा."

चौकशी झाली तेव्हा देवेश म्हणाला, बटण दाबलं नसणार. विश्रामला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, मला काही आठवत नाही. त्याला नोकरी टिकवायची होती, आणि टिकली. सहदेवला ती ओळ मिळाली.

म्हणून सहदेव तो कागद खिशात घेऊन फिरायचा. मी एकदा म्हटलं, "अहो, ठेवा ना घरी. रोज कशाला जीव जाळता?" तो म्हणाला, "मॅडम, जळायला पायजे. विझलं की माणूस माफ करून टाकतो." ही ओळ खोडली गेली पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्याला या जन्मात हवी होती. आणि ती ज्याने लिहायला लावली त्याच्याच तोंडून.

माझ्याकडे वर्षभर झालं असेल, तेव्हा विश्राम आमच्याच साइटवर क्रेन ऑपरेटर म्हणून आला. मी घाबरले. सहदेवला म्हटलं, तुला दुसऱ्या क्रेनवर टाकते. तो म्हणाला, "नको. मी त्याच्याच खाली राहतो." दोन वर्षं ते दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत होते. खाली, खाली, डावीकडे, बस. एका चुकीत माणूस मरेल असं बोलणं, आणि एकही चूक नाही. केबिनमधून उतरल्यावर मात्र एक अक्षर नाही. विश्राम डबा घेऊन जवळ आला की सहदेव आपला डबा उचलून सावली सोडून उन्हात जाऊन बसायचा. विश्राम तिथेच उभा राहायचा, मग एकटाच जेवायचा. मला विश्रामची दया येत नव्हती. खरंच सांगते.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सहदेव रेडिओच्या चॅनलवरच्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा, "आवाज गेला तर?" प्रत्येकाने उत्तर द्यायचं, "थांबायचं." सगळ्यात शेवटी क्रेनचा नंबर. विश्रामचं उत्तर येईपर्यंत सहदेव मान वर करून केबिनकडे बघत राहायचा. रोज. दोन वर्षं.

आणि गेल्या मे महिन्यात देवेश आमच्याकडे प्रोजेक्ट हेड म्हणून आला.

पहिल्याच दिवशी राउंड घेताना त्याची नजर सहदेवच्या हातावर गेली. "अरे, सहदेव ना तू? हात कसा आहे?" त्याने सहदेवच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आमचा जुना माणूस. चूक झालेली त्याच्याकडून, पण बघा, अजून फील्डमध्ये आहे. सांभाळून घेतलं आम्ही." सहदेव म्हणाला, "हो साहेब." मला वाटलं, आता हा काहीतरी करतो. काही केलं नाही. फक्त त्या दिवसापासून सकाळच्या तपासणीला दहा मिनिटं जास्त लागायला लागली.

देवेशला तपासणीचा तिटकारा होता. "काय रोज पाढे म्हणताय?" असं मला दोनदा म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि काहीच बदललं नाही.

मग आला तो बुधवार. बाहेरच्या भिंतीला बाविसाव्या मजल्यावर तडा दिसत होता आणि देवेशला तो स्वतः जवळून बघायचा होता. माणसं उचलायची लोखंडी बास्केट क्रेनला लावायची, त्यात उभं राहून वर जायचं. परमिट माझ्या सहीचं. बास्केट मी तपासली, साखळ्या तपासल्या, त्याचा सेफ्टी बेल्ट मी स्वतःच्या हाताने अडकवला आणि ओढून पाहिला. वारा नव्हता. तो एकटाच चढला. त्याच्या हातात मी नियमाप्रमाणे एक रेडिओ दिला.

तेवढ्यात मी एक गोष्ट पाहिली. सहदेवने चार्जरवरचा माईक घेतला नाही. ड्रॉवरमधला घेतला, कालचा, ज्याच्या बॅटरीची शेवटची एकच काडी उरली होती. सहदेवने, ज्याने अर्ध्या बॅटरीच्या माईकवरून एका पोरगेल्या सिग्नलमनला आठवडाभर खाली बसवलं होतं! माझं काम होतं त्याला अडवायचं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. मी अडवलं नाही, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

"आवाज गेला तर?" सहदेवने विचारलं.

"थांबायचं," विश्राम वरून म्हणाला.

"अरे, चला ना आता!" देवेश म्हणाला.

"वर, वर, वर, वर." बास्केट निघाली. मी ऑफिसात सेटसमोर येऊन बसले, दारातून सगळं दिसत होतं. पाचवा, दहावा, पंधरावा. सहदेवचा आवाज एकसारखा, देवळातल्या टाळासारखा. एकोणिसाव्या मजल्याशी माईकने बीप दिला. मग दुसरा. मग सहदेवचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

हुक थांबला. त्याच क्षणी. बास्केट एकोणिसाव्या मजल्याबाहेर, हवेत, अकराच्या उन्हात उभी.

ऑफिसातल्या सेटवर देवेशचा आवाज आला, "काय झालं? विश्राम, घे वर."

"साहेब, सिग्नलमनचा आवाज गेला," विश्राम म्हणाला.

"मी बोलतोय ना! मी सांगतोय, घे वर. थांबत बसू नकोस."

मला इथून केबिन दिसत होती, काचेमागे विश्रामचं डोकं दिसत होतं. तेच शब्द त्याने चार वर्षांपूर्वी ऐकले होते, त्याच माणसाच्या तोंडून.

"नाही साहेब," विश्राम म्हणाला. "आवाज गेला की थांबायचं."

सहदेव चालत ऑफिसात आला. धावत नाही, चालत. चार्जरवरचा माईक काढला. शेजारचा रेडिओ बंद करून बाहेर नेऊन ठेवला. अँटेना फिरवून पाहिली. बटण दाबून धरलं, लाल-निळा, लाल-निळा, निळा. माईक वीतभर लांब लावला. सेटमधून देवेश मला नावाने हाका मारत होता. मी बटण दाबलं, एक मोजला आणि म्हटलं, "सर, नवीन माईक लावतोय. तपासणी झाल्याशिवाय हालचाल करता येत नाही. बेल्ट काढू नका." तो म्हणाला, "किती वेळ?" सहदेवने मला खुणेने सांगितलं, सांगू नका.

मला काळजी वाटत होती का? बेल्ट मीच अडकवला होता. पडणार नव्हता तो. फक्त घाम येणार होता, आणि खाली बघावं लागणार होतं.

मग सहदेव बाहेर गेला आणि त्याने साइटच्या चारही कोपऱ्यांत जाऊन एक ते दहा मोजले. मी परत म्हटले. विश्रामने परत म्हटले. सगळ्या साइटवरचं काम थांबलं होतं, माणसं माना वर करून बघत होती. चौतीस मिनिटं झाली होती तेव्हा तो बास्केटच्या खाली येऊन उभा राहिला.

"बास्केट, आवाज येतोय का?"

"येतोय, येतोय! घे आता खाली, मला वर नाही जायचं."

"आवाज गेला तर काय करायचं, साहेब?"

"काय मस्करी लावली आहेस?"

"चॅनलवर प्रत्येकाने सांगायचं असतं. तुमचं राहिलं होतं."

देवेश म्हणाला, "थांबायचं."

"पूर्ण बोला, साहेब."

"आवाज गेला की... थांबायचं."

"बाळकुमला माझा आवाज गेलेला," सहदेव म्हणाला. त्याचा आवाज अजूनही तसाच, एका पट्टीतला. "थांबायला पायजे होतं की नाही?"

आणि तेव्हा चॅनलवर विश्राम आला. कुणी न विचारता. अशी शिस्त त्याने कधी मोडली नव्हती.

"पायजे होतं," तो म्हणाला. "मी थांबलो नाही. देवेश साहेबांनी मला सकाळी सांगितलेलं, आवाज गेला तरी थांबू नको, सोडत राहा. चौकशीत मी खोटं बोललो. सहदेवने बटण दाबलेलं. ऐकतोयस ना रे सहदेव?"

मला वाटलं, आता सहदेव रडेल, निदान खाली बसेल. त्याने मूठ छातीवरच्या माईकवर नेली, एक मोजला आणि म्हणाला, "ऐकलं. परत बोल."

विश्रामने परत सांगितलं. पहिल्यापासून, शब्द न गाळता. आमच्या मुख्य सेटवर चॅनलवरचं सगळं रेकॉर्ड होतं, आणि ते देवेशलाही ठाऊक होतं, कारण त्याच्याच सहीने तो सेट दुरुस्त झाला होता.

"आता खाली," सहदेव म्हणाला. "खाली, खाली, खाली, खाली." इतक्या हळुवारपणे मी कुठलंही ओझं उतरताना पाहिलेलं नाही. बास्केट जमिनीपासून वीतभर राहिली.

"बस."

हुक जागच्या जागी थांबला. देवेशचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, हात बास्केटच्या गजाला घट्ट. सहदेव त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने तीन बोटांचा हात गजावर ठेवला, देवेशच्या बोटांच्या शेजारी.

"बघितलं ना साहेब," तो म्हणाला. "बस म्हटलं की थांबतं ते."

त्याने त्याला तसंच लटकत ठेवलं. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग तो मागे सरला, बास्केट जमिनीला टेकवली आणि दार उघडायला दुसऱ्याला सांगितलं.

देवेशने त्याच दुपारी सहदेवला काढून टाका म्हणून मेल केला. मी त्याला उत्तर म्हणून रेकॉर्डिंग जोडलं, विश्रामचा सही केलेला जबाब जोडला, आणि तेच बाळकुमच्या कंपनीलाही पाठवलं. संपलेल्या बॅटरीबद्दल माझं नाव पुढे करून मी माझ्याविरुद्ध एक नोंद लिहिली. त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. ती मी फ्रेम करून लावणार होते, पण नवऱ्याने नाही म्हटलं. देवेशला दोन आठवड्यांत साइटवरून काढलं. हल्ली तो घरीच असतो असं ऐकते.

दुरुस्त अहवाल ऑगस्टमध्ये आला. मी सहदेवला ऑफिसात बोलावलं आणि कागद पुढे केला. त्याने हात लावला नाही.

"इथे नको मॅडम. चॅनलवर वाचा."

मी बटण दाबलं, एक मोजला आणि वाचलं: "सिग्नलमनची कोणतीही चूक नव्हती. आवाज तुटल्यावर हुक न थांबवण्याची सूचना साइट इंजिनिअरने दिली होती."

मग एकेक सिग्नलमनने ती ओळ परत म्हटली, रोजच्या तपासणीसारखी. शेवटी क्रेनचा नंबर आला. विश्रामने म्हटली, आणि थांबला. सहदेव दारात उभा राहून केबिनकडे बघत होता.

"देवेश साहेबांचा फोन नंबर आहे ना तुमच्याकडे?" त्याने मला विचारलं.

"आहे."

"त्यांना पण लावा," सहदेव म्हणाला. "आणि त्यांनी परत म्हटल्याशिवाय ठेवू नका."